सेकंदाला एकोणतीस हजार

मला हिशोब येत नाही असं कुणी म्हणू नये. एकोणीस वर्षं निमसरी डेपोत कंडक्टर आहे मी. चालत्या गाडीत एका हातानं दांडा धरून साठ माणसांची अर्धी-पूर्ण तिकिटं फाडलीत आणि एकदाही कॅश कमी भरलेली नाही. आता गाड्या आपल्या आपण चालतात. ड्रायव्हर घरी बसले, कंडक्टर तेवढे ठेवलेत, कारण भांडायला माणूस लागतो. पण मी डबल बेल दिल्याशिवाय आजही माझी गाडी हलत नाही. तेव्हा कर्ज म्हणजे काय आणि व्याज म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मला राग आलाय तो हिशोबाचा नाही. काट्यावर आधीपासून कुणाचा तरी अंगठा दाबलेला आहे, त्याचा आलाय.

माझी अनू, म्हणजे अन्विता, बारावीला ब्याण्णव टक्के घेऊन पास झाली आणि म्हणाली, मला बोधविज्ञान शिकायचंय. पुण्याला, चार वर्षं.

"ते काय असतं?" मी विचारलं.

"माणसाला शब्द सापडतो तो कुठून सापडतो, आठवण कुठं बसते, ओळखीचा चेहरा आपण ओळखतो म्हणजे नक्की काय करतो, त्याचं शास्त्र. थोडं मेंदूचं, थोडं भाषेचं, थोडं संगणकाचं."

"आणि पोटापाण्याचं?"

"ते पण असतं," ती म्हणाली. "थोडं."

ही आवड तिला कुठून लागली ते मला विचारायची गरज नव्हती. तिचे बाबा, दिनकर भंडारे, आमच्याच डेपोत कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" असं त्यांनी म्हटलं की फलाटावरची भांडणंसुद्धा थांबायची. चार वर्षांपूर्वी डाव्या मेंदूत गुठळी झाली. हात-पाय सावरले, वाचा गेली. सगळं समजतं, काय म्हणायचंय ते माहीत असतं, पण शब्द हाताला लागत नाही. वरच्या ऑफिसनं त्यांचा जुना आवाज घेऊन यंत्रात घातला. तेव्हापासून स्टँडवर अजूनही त्यांच्याच आवाजात गाड्या लागतात आणि ते स्वतः घरात खिडकीशी मुके बसतात. या गोष्टीवर मी किती रडलेय ते माझं मला माहीत.

त्यांचं बोलणं परत आणलं ते अनूनं. चौदा वर्षांची होती. तिनं कुठंतरी वाचलं की पाठ झालेलं बोलणं, म्हणजे पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा, मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. नवा शब्द जुळवायची वाट तुटली तरी ती दुसरी वाट बरेचदा शाबूत राहते. एक दिवस ती त्यांच्यासमोर बसली आणि माइकवर म्हणावं तसं म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे." आणि गप्प राहिली. खूप वेळ गेला. मी म्हणणार होते, पोरी, कशाला छळतेस त्यांना. तेवढ्यात ते म्हणाले, "चहा... फलाट क्रमांक... एकवर... लागलेला आहे." चहा हवा होता माणसाला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला. बाबांना काही विचारलं की मनात तीस आकडे मोजायचे. मध्ये तोंड घालेल त्यानं रात्रीची भांडी घासायची. पहिल्या वर्षी सगळी भांडी मीच घासली, कारण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. अनूला मात्र ते इतकं अंगवळणी पडलं की ती सगळ्यांसाठीच थांबायला लागली. भाजीवाल्यासाठीही. समोरच्याचं बोलणं खरंच संपलंय का हे बघून मगच ती तोंड उघडायची. मला त्याचं कौतुक होतं. पुढं तेच अंगाशी येणार हे कुणाला ठाऊक.

शिक्षणाचं कर्ज आता विद्यावित्त निगम देतं आणि निगमात निर्णय 'भावी' घेते. भावी म्हणजे यंत्र. पोराच्या डोक्यावर एक हलकी टोपी चढवतात, चाळीस मिनिटं प्रश्न विचारतात, आणि पोर उत्तर काय देतं यापेक्षा कसं देतं ते टोपी बघते. नजर किती फिरते, किती वेळात ठरवतं, चुकलं तर किती वेळ कुढत बसतं. गेल्या पंधरा वर्षांत अशा लाखो पोरांच्या नोंदी झाल्या आणि ती पोरं पुढं किती कमावतात तेही करखात्याच्या कागदांवरून त्याला जोडलं गेलं. आता नवं पोर बसलं की भावी जुन्या लाखोंमधली त्याच्यासारखी पोरं शोधते आणि सांगते, हा अमुक शिकला तर तिसाव्या वर्षी इतकं कमावील, तमुक शिकला तर इतकं. त्यावरून व्याज ठरतं. एकाच पोराला एका पदवीला सहा टक्के आणि दुसरीला सोळा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं.

जिल्ह्याच्या ऑफिसात नाईकनवरे मॅडमनी आमच्यापुढं कागद ठेवला. पस्तिशीची बाई, बोलायला बरी.

बोधविज्ञान, फी आणि वसतिगृह धरून अठरा लाख. व्याज साडेपंधरा टक्के. शिकून झाल्यावर दहा वर्षं महिन्याला साडेएकोणतीस हजार हप्ता. पहिला पगार अंदाजे चव्वेचाळीस हजार. त्याखाली दुसरी ओळ: गोदाम-संचालन पदवी, नऊ लाख, साडेसहा टक्के, हप्ता दहा हजार, पगार बावन्न हजार.

"हे असं का?" मी विचारलं.

"अन्विताचा निर्णयविलंब जास्त आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न संपल्यावर उत्तर द्यायला सरासरी चार पूर्णांक एक सेकंद. बाकीची मुलं सव्वा सेकंदात देतात."

"उत्तरं चुकली का तिची?"

"नाही. जवळजवळ सगळी बरोबर आहेत."

"मग?"

"भावी बरोबर-चूक बघत नाही, ताई. उशिरा उत्तर देणारी मुलं पुढं कमी कमावतात, असं तिला नोंदींमध्ये दिसलंय. या शाखेत तर फारच कमी."

"का कमी कमावतात?"

मॅडमनी कागद सरळ केला. "ते तिला माहीत नसतं. दिसतं एवढंच."

मी अनूकडं पाहिलं. ती नेहमीप्रमाणं थांबली होती. मग हळू म्हणाली, "मला वाटलं, तो आवाज अजून पुढं काही बोलणार आहे. मध्ये तोडायचं कसं?"

चार वर्षं बापाच्या शब्दासाठी थांबली म्हणून या पोरीला दंड लावला होता, आणि दंड लावणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

फेरचाचणी एकदाच मिळते, तीन आठवड्यांनी, साडेतीन हजार भरून. मी तिथल्या तिथं भरले.

संध्याकाळी माझे दीर, रमाकांत भाऊजी, घरी आले. त्यांचं टायरचं दुकान आहे, माणूस व्यवहारी, मनानं वाईट नाही. दोन्ही ओळी वाचून ते म्हणाले, "वहिनी, यात विचार करण्यासारखं काय आहे? चव्वेचाळीसातून साडेएकोणतीस गेले की पोरगी पुण्यात खाणार काय? गोदामाचं घ्या. आवड काय, सुट्टीच्या दिवशी करता येते."

"ते कळतंय मला," मी म्हटलं. आणि खरंच कळत होतं. आवडीनं भाडं भरता येत नाही. कर्ज काढून शिकायचं तर पुढं काय मिळणार, हे बघायलाच हवं. न बघणारा मूर्ख. मी अनूलाही तेच म्हणाले.

"बघू या ना, आई," ती म्हणाली. "पण खरं काय ते बघू या. हप्ता मोठा का? व्याज मोठं म्हणून. व्याज मोठं का? ही पोरं कमावत नाहीत म्हणून. ती का कमावत नाहीत? हप्ता मोठा असतो म्हणून मिळेल ती पहिली नोकरी धरतात. पुढं शिकत नाहीत, चांगली जागा मिळेपर्यंत थांबू शकत नाहीत. मग भावी परत नोंद करते, बघा, म्हटलं होतं ना."

भाऊजींना ते पटलं नाही. मला मात्र वडजाई आठवली. निमसरी-वडजाई फेरी माझ्याच गाडीची होती. वरनं आलं, या फेरीचं भारमान कमी आहे, म्हणजे सीटं रिकामी जातात. म्हणून त्यांनी सकाळची गाडी काढून अकराची केली. कॉलेजची पोरं अकराला कशाला येतील? सीटं आणखी रिकामी. मग गाडी दिली ती खटारा, आठवड्यातनं दोनदा बंद पडणारी. बाजाराच्या बायासुद्धा जीपला लागल्या. वर्षभरात भारमान तीसवर आलं आणि साहेबांनी कागद नाचवला की फेरी तोट्याचीच होती. मी तेव्हा बोंबलून सांगितलं होतं, तोटा तुम्ही घडवलात. म्हणाले, बाई, आकडे खोटं बोलत नाहीत. वडजाईला आज गाडी नाही.

आणि एवढं सगळं कळूनही मी काय केलं? सांगायला लाज वाटते. मी पोरीला पळवायला लागले.

मोबाइलवर घड्याळ लावून रोज दोन तास. मी प्रश्न वाचायची, ती उत्तर द्यायची. सव्वा सेकंदाच्या वर गेलं की मी टेबलावर चमचा आपटायची. "विचार नको करूस, बोल." आई म्हणून हे वाक्य मी माझ्या पोटच्या पोरीला दिवसाला पन्नासदा ऐकवलं. पहिल्या आठवड्यात ती रडली. दुसऱ्यात तीन सेकंदांवरून दोनवर आली. तिसऱ्यात माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर यायला लागलं, आणि मी खूश झाले.

मग एकदा जेवताना अनूनं विचारलं, "बाबा, काय वाढू?" त्यांनी तोंड उघडलं. "भ..." एवढं आलं. "भाकरी? ही घ्या," म्हणून तिनं ताटात भाकरी घातली आणि स्वतःचं जेवायला लागली. त्यांना भाकरी नको होती. भात हवा होता, कारण त्या दिवशी दाढ दुखत होती, ते मला दोन दिवसांनी कळलं. ते तिच्याकडं बघत राहिले आणि मग भाकरी कुस्करून खाल्ली. मला दिसलं होतं. मी मूग गिळून बसले, कारण परीक्षा चार दिवसांवर होती.

त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले. काही विचारलं की अनूकडं बघायचे, की आता ही सांगेल. आणि ती सांगायची, झटकन. कधी बरोबर, कधी चूक. आमच्या घरात आता भांडी कुणी घासायची हा प्रश्नच उरला नव्हता, कारण थांबतच नव्हतं कुणी.

फेरचाचणीला तिघं गेलो. चाळीस मिनिटांनी अनू टोपी काढून बाहेर आली, आणि नाईकनवरे मॅडम हसत म्हणाल्या, "कमाल केलीस गं. निर्णयविलंब एक पूर्णांक एक. बोधविज्ञान, सव्वाआठ टक्के." तीच पोरगी, तेच डोकं, तीन आठवड्यांत निम्मं व्याज. हप्ता बावीस हजार. अंदाजे पगारही वाढला होता, एकसष्ट हजार. चमचा आपटून मी तिचं भविष्य सतरा हजारांनी वाढवलं होतं. याला म्हणे विज्ञान. पण त्या क्षणी मला हसूच आलं, आनंदाचं. मला वाटलं, जिंकलो आपण.

"आता फक्त संमती," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही पालक जामीन असतील तरच हा दर. अंगठे खोटे निघायला लागले म्हणून आता आवाजातच घेतात. पडद्यासमोर बसायचं, भावी विचारील, दहा सेकंदांत 'हो' म्हणायचं. तीन संधी."

मी म्हटलं, "मॅडम, यांना बोलायला वेळ लागतो."

"एक शब्दच आहे, ताई."

"एका शब्दालाच वेळ लागतो."

त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "दहा सेकंद माझ्या हातात नाहीत हो."

मी पडद्यापुढं बसून 'हो' म्हटलं, अर्ध्या सेकंदात. मग ते बसले. गोड बाईचा आवाज आला. "दिनकर भंडारे, अन्विता दिनकर भंडारे यांच्या कर्जाला आपली संमती आहे का?" त्यांनी मान हलवली. तोंड उघडलं. आणि अनूकडं बघितलं, की ही सांगेल. "उत्तर मिळाले नाही," पडदा म्हणाला.

दुसऱ्यांदा तसंच. ओठ हलले, नजर अनूकडं. "उत्तर मिळाले नाही."

अनूला कळलं, मलाही कळलं. महिन्यापूर्वी या माणसाला वीस-पंचवीस सेकंदांत का होईना, स्वतःचा शब्द काढता येत होता. तो आम्ही दोघींनी मिळून त्याच्या तोंडातून काढून घेतला होता, आणि वर बक्षीस म्हणून सात टक्के सूट मिळवली होती.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "त्यांचा जुना आवाज आहे का कुठं? लोक करतात तसं. मी पाणी प्यायला जाते पाच मिनिटं."

आवाज होता. माझ्या मोबाइलवरच होता. डेपोच्या ॲपमध्ये आपण लिहू ते यंत्र त्यांच्या आवाजात बोलतं, गाडी रद्द झाली की आम्ही कंडक्टर तेच वापरतो. 'हो' एवढंच लिहायचं. भावीला तो आवाज पटला असता, कारण पडद्यावर त्यांची नोंदही त्याच जुन्या आवाजाची होती. खरा माणूस समोर बसलाय तर चालत नाही आणि त्याचं भूत चालतं, असा हा कारभार. पण मी मोबाइल काढला. खोटं कशाला बोलू, काढला. काही लाखांचा प्रश्न होता.

"आई, ठेव तो," अनू म्हणाली.

"अनू, कुणाला कळणार नाही."

"बाबांना कळेल," ती म्हणाली. "इतके दिवस मी त्यांच्या वाटचं बोलले. आता त्यांचं 'हो' पण दुसऱ्याकडून म्हणवून घेऊ? ते इथं बसलेत, आई. समोर."

"दर वाढेल."

"वाढू दे. पण गोदामाचं मी घेणार नाही, आणि हे पण करणार नाही."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटलं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

अनू बाबांच्या समोर खाली फरशीवर बसली, त्यांना वर बघावं लागू नये म्हणून. तिसऱ्यांदा बटण दाबलं. पडद्यानं प्रश्न विचारला. अनू माइकवर म्हणावं तसं म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे." आणि गप्प राहिली.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी बघत होते. दहा सेकंद झाले. "उत्तर मिळाले नाही. पालक क्रमांक दोन यांची संमती अमान्य," गोड बाई म्हणाली. अनू हलली नाही. मी हलले नाही. मागं रांगेत पंधरावीस माणसं होती, त्यांच्यात कुणीतरी खोकलं आणि तेही गप्प झालं. वीस. अनूच्या बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पडद्याकडंही नाही. तिच्याकडं पाहिलं, आणि या वेळी ती सांगेल म्हणून नव्हे. पंचवीस. तीस.

"पुणे..." ते म्हणाले. "पुण्याला जाणारी... अन्विता... फलाट क्रमांक एकवरून... सुटत आहे."

बत्तिसावा सेकंद होता. संपूर्ण ऑफिसला कळलं. रांगेतल्या माणसांना कळलं, चहावाल्याला कळलं, दारात परत आलेल्या नाईकनवरे मॅडमना कळलं. न कळणारं तिथं एकच होतं, आणि निर्णय त्याचा होता. पडद्यावर नवा दर आला. एकट्या आईच्या जबाबदारीवर साडेतेरा टक्के.

अनू बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडत होती आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मी कागद आणि पेन मागून घेतलं. हप्ता बावीस हजार सत्तरवरून सत्तावीस हजार चारशेवर गेला होता. दहा वर्षांत जवळजवळ सहा लाख चाळीस हजार जास्त. मला कुठलं यंत्र लागलं नाही ते करायला.

"कुठं सही करायची?" मी विचारलं.

"ताई, विचार करा. प्रवेशाला अजून चार दिवस आहेत. गोदामाचा दर तर आता..."

"विचार झालाय. बोधविज्ञान. सही कुठं?"

त्यांनी दाखवलं. मी केली, अनूनं केली. मग मी म्हटलं, "आता तक्रार पुस्तक द्या."

"काय?"

"तक्रार पुस्तक. माझ्या गाडीत असतं. कुणी पण पॅसेंजर मागू शकतो आणि मला द्यावं लागतं, माझ्याच विरुद्ध लिहायचं असलं तरी. तुमचं कुठाय?"

"इथं तसं नसतं. निर्णय भावी घेते, तिच्याविरुद्ध तक्रार कशी..."

"मग अर्ज घ्या," मी म्हटलं, आणि त्याच कागदावर लिहिलं. दिनकर भंडारे यांनी आज सर्वांसमक्ष संमती दिली. त्यांना बत्तीस सेकंद लागले. आपलं यंत्र दहा सेकंद थांबलं. राहिलेल्या बावीस सेकंदांचे आपण माझ्या मुलीला सहा लाख चाळीस हजार रुपये लावलेत, म्हणजे सेकंदाला एकोणतीस हजार. हा दर कुणी ठरवला, त्या माणसाचं नाव लेखी कळवावं. खाली सही, बिल्ला नंबर, तारीख.

"आणि याची मला पोच हवी," मी म्हटलं. "शिक्का मारून."

मॅडमनी अर्ज वाचला. मग परत वाचला. त्यांचे डोळे भरले असतील-नसतील, मला त्याचं काही नव्हतं. "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे," त्या हळू म्हणाल्या. "साहेब जेवायला गेलेत. तासभर लागेल, जास्तही लागेल."

"लागू दे. आमच्या घरात थांबायची सवय आहे."

मी बाकावर बसले, अनूच्या बाबांच्या शेजारी. त्यांनी माझा हात धरला. रांगेतली एक बाई, हिरव्या शालीतली, तिच्या मुलीला घेऊन पुढं आली. मुलगी खाली बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "हिला बोलताना अडखळायला होतं. हिला पण सोळा टक्के लावलेत. ते कसं लिहायचं असतं, मला सांगता का?"

मी सरकून तिला जागा दिली आणि नाईकनवरे मॅडमकडं आणखी कागद मागितले. त्यांनी प्रिंटरमधला अख्खा गठ्ठा काढून दिला.

साहेब जेवून आले तेव्हा टेबलावर अकरा अर्ज होते. अकराही जण पोच घेतल्याशिवाय उठणार नव्हते.